तापलेला आणि भिजलेला उन्हाळा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

२०२५ च्या उन्हाळ्याने सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वाचकांना किती अस्वस्थ केले आहे, हे या वेळी आलेल्या पत्रांवरून दिसते. एप्रिलमध्ये अंगाची लाही लाही करणारे ऊन पडले, मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून वळवाने आणि वादळी वाऱ्याने पाठ सोडली नाही, आणि रोहिणी नक्षत्र लागते न लागते तोच मोसमी पाऊस दारात येऊन उभा राहिला. आपल्याकडची शेतीची कामे, घरबांधणी, वीटभट्ट्या, लग्नसराई, गावोगावच्या यात्रा, हे सारे एप्रिल-मे कोरडे असतात या भरवशावर आखलेले आहे. तो भरवसा या वर्षी तुटला आणि बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी तीच काळजी आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : एवढे कडक ऊन असताना एवढा पाऊस कसा पडतो? शिवाय पावसाळ्यातला पाऊस मावळतीकडून येतो, मग वळीव उगवतीकडून का चालून येतो? विद्यार्थ्यांना काय सांगावे?
— एक शिक्षक, कोरेगाव

पावसाळ्यातला पाऊस गारवा घेऊन येतो, त्यामुळे ऊन आणि पाऊस यांचे वैर आहे अशी आपली समजूत होते. वळवाचा पाऊस मात्र उन्हातूनच जन्माला येतो. हवा जितकी उष्ण तितकी तिच्यात वाफ अधिक मावते : २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प राहू शकते, ३० अंशाला सुमारे ३० ग्रॅम आणि ४० अंशाला सुमारे ५१ ग्रॅम. कोरड्या उन्हाळ्यात ही जागा रिकामी राहते, म्हणून ऊन भाजते पण आभाळ निरभ्र असते. ज्या वर्षी अरबी समुद्रावरून आणि बंगालच्या उपसागरावरून बाष्प पठारापर्यंत पोहोचते, त्या वर्षी तीच तापलेली हवा ढगांचे इंधन ठरते.

दुपारी तीन-चारच्या सुमारास जमिनीलगतची हवा सर्वांत जास्त तापलेली असते. ती हलकी होऊन वेगाने वर चढते आणि वर जाताना थंड होते, त्यामुळे तिच्यातील वाफेचे पाणी होते. वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि त्या उष्णतेने ढग आणखी वर ढकलला जातो. असा गडगडाटी ढग बारा ते पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत वाढू शकतो. एप्रिल-मे महिन्यांत साडेचार-पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली असते, त्यामुळे तिथे पाण्याचे थेंब गोठतात, वर चढणाऱ्या झोताबरोबर ढगात फिरत राहून मोठे होतात आणि गारा होऊन पडतात. पावसाआधी जो गार वारा धूळ उडवत येतो आणि पत्रे उचकटून नेतो, तोही त्याच ढगातून खाली कोसळलेल्या थंड हवेचा लोंढा असतो.

दिशेबद्दल म्हणावयाचे तर उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकमार्गे दक्षिणेकडे हवेच्या कमी दाबाचा एक पट्टा अनेकदा तयार होतो. दोन्ही समुद्रांवरचे वारे त्याच्या आसपास एकत्र येतात. ढग पठारावर बनतात आणि वरच्या थरातील पूर्वेकडचा वारा त्यांना आपल्याकडे वाहून आणतो. मोसमी पाऊस समुद्रावरून सह्याद्रीला धडकतो, म्हणून तो मावळतीकडून येतो. कोरेगावच्या मुलांना हे दोन्ही डोळ्यांनी पाहता येते. वळवाच्या दिवशी दुपारनंतर त्यांना आभाळाच्या कोणत्या बाजूला काळोख दाटतो ते वहीत लिहायला सांगावे आणि जुलैमध्ये तीच नोंद पुन्हा घ्यावी.

या वर्षी या नेहमीच्या खेळात आणखी एक गोष्ट घडली. मे महिन्याच्या उत्तरार्धात दक्षिण कोकणच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, त्याची तीव्रता वाढली आणि २४ मे रोजी ते रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनारा ओलांडून आत आले. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात दाखल झाला आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. केरळसाठी त्याची सरासरी तारीख १ जून आहे आणि मुंबईसाठी ११ जून. वळीव संपून मोसमी पाऊस सुरू होण्यामध्ये एरवी जी उसंत मिळते, ती या वर्षी मिळालीच नाही. देशाचा विचार केला तर १९०१ पासूनच्या नोंदींत मे महिन्यात एवढा पाऊस कधी पडला नव्हता.

प्रश्न : माझ्या द्राक्षबागेची खरड छाटणी एप्रिलमध्ये झाली. त्यानंतर सतत ढग आणि पाऊस राहिला. बाग हिरवीगार दिसते, तरीही जुने बागायतदार पुढच्या हंगामाची चिंता करतात. बागेत घड नसताना नुकसान कसले? शेवटच्या टप्प्यातील माझा बेदाणाही भिजून काळवंडला, ते वेगळेच.
— एक द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका

जुन्या बागायतदारांची चिंता रास्त आहे आणि तिच्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही, म्हणून या प्रश्नाला अधिक जागा देत आहे. गारपिटीने फाटलेली पाने किंवा आडवा झालेला ऊस डोळ्यांना दिसतो आणि त्याचा पंचनामाही होतो. खरड छाटणी म्हणजे हंगाम संपल्यावर नव्या काड्या वाढवण्यासाठी केलेली छाटणी. तिच्यानंतरच्या ढगाळ हवेचे नुकसान मात्र काडीच्या आत, डोळ्यात म्हणजे जिथून नवी फूट निघते त्या जागी घडते आणि ऑक्टोबरच्या गोडी बार (फळांसाठीच्या) छाटणीनंतर फुटी बाहेर पडेपर्यंत ते दिसत नाही.

पुढच्या हंगामात वेलीला जे घड लागतात, त्यांची सुरुवात ऑक्टोबरमध्ये होत नाही. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते सत्तर दिवसांच्या काळात काडीवरच्या डोळ्यांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या काळात पानांवर भरपूर ऊन पडणे, वेलीला पाण्याचा आणि नत्राचा बेताचा पुरवठा होणे आणि वाढीचा जोर आटोक्यात राहणे आवश्यक असते. आपल्या भागातील कोरडा मे महिना ही सगळी व्यवस्था फुकट करून देत असे. तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात द्राक्षे रुजली त्याचे हेही एक कारण आहे. ढगाळ हवा आणि ओली जमीन मिळाली की वेल शेंडावाढीकडे धावते, पाने एकमेकांवर सावली धरतात आणि डोळ्यात ज्या कोंबाचा घड व्हायचा त्याची बाळी, म्हणजे वेल ज्याने आधार धरते तो तंतू, होते. बागेचा हिरवा जोम पाहून समाधान वाटते, परंतु या टप्प्यावर तो जोमच काळजीचे कारण असतो.

याखेरीज रोगांचा प्रश्न आहे. कोवळ्या फुटींवर पाणी साचून राहिले की करपा आणि केवडा शिरकाव करतात. करप्याचे डाग काडीवर राहिले तर ती रोगट काडी ऑक्टोबरपर्यंत तशीच पुढे जाते. पाऊस रोज पडत असेल तर फवारणीही धुऊन जाते आणि खर्च दुप्पट होतो.

आता हाती काय आहे ते पाहू. फुटींची विरळणी करून प्रत्येक पानाला ऊन मिळेल असे पाहावे, शेंडे वेळेवर खुडावेत, नत्र थांबवून पालाशाकडे वळावे आणि जमिनीत ओल असेपर्यंत ठिबक बंद ठेवावे. वाढ रोखणाऱ्या संजीवकांचा वापर करावयाचा असेल तर दुकानदाराच्या सल्ल्यावर करू नये. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला पाहावा किंवा अनुभवी तज्ज्ञाला बाग दाखवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गोडी बार छाटणीपूर्वी काड्यांचे नमुने देऊन डोळ्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून घ्यावी. कोणत्या डोळ्यात घड आहे हे कळले तर काडी किती डोळ्यांवर कापायची याचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागणार नाही. तपासणीचा खर्च बागेच्या एकूण खर्चापुढे किरकोळ असतो. दर वर्षी ती न करणाऱ्यांनी निदान या वर्षी तरी करावीच, असे मी आग्रहाने सांगतो.

बेदाण्याबद्दल आपले दुःख समजू शकते. रॅकवर पसरलेल्या द्राक्षांना वाळायला साधारण दोन आठवडे कोरडा वारा लागतो आणि त्यातली शेवटची एक-दोन संध्याकाळची सर संपूर्ण मालाचा रंग बिघडवते. शेडच्या वाऱ्याकडील बाजूला गुंडाळता येणारा प्लास्टिकचा कागद, छताबाहेर पुरेशी लांब पागोळी आणि शेडभोवती चर, एवढी तयारी आता दर वर्षी फेब्रुवारीतच करून ठेवली पाहिजे. उशिराच्या मालाचा बेदाणा करण्याचा बेतही नव्याने तपासावा लागेल. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्या प्रतीचा माल एका सरीने मातीमोल होतो तेव्हा बुडालेले पैसे एका घराचे असले तरी तोटा साऱ्या परिसराचा असतो.

प्रश्न : तापमापकावर ३६-३७ अंश दिसत होते, तरीही ४० अंशांपेक्षा जास्त त्रास झाला. पाऊस पडून गेल्यावर तर जीव घुसमटत होता. हा वयाचा परिणाम आहे काय?
— एक ज्येष्ठ नागरिक, मिरज

वयाचा भाग थोडा आहे, परंतु मुख्य कारण हवेतील दमटपणा आहे. घाम वाळताना शरीरातील उष्णता घेऊन जातो. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम वाळत नाही, नुसता निथळत राहतो, आणि शरीर थंड होत नाही. कोरड्या ४० अंशांत माठातले पाणी गार होते आणि दमट ३६ अंशांत होत नाही, त्यामागे हेच कारण आहे. अशा दिवसांत रात्रीही पारा फारसा उतरत नाही आणि शरीराला विसावा मिळत नाही. पंख्याखाली ओल्या पंचाने अंग पुसणे, पाणी आणि मीठ-साखरेचे सरबत थोड्या थोड्या वेळाने घेणे आणि दुपारची कामे टाळणे हे उपाय आहेत. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारासाठी औषधे चालू असतील तर मीठ आणि पाणी किती घ्यावे हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. बोलण्यात असंबद्धता आली, ग्लानी आली किंवा अंग तापून चक्कर आली तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

प्रश्न : आमच्या शिवारात तासाभरात ओढे वाहू लागले आणि दोन कोसांवरच्या गावात धूळ उडत होती. पावसाची नोंद मात्र मंडळाच्या गावी झाली ती नगण्य. अशा पावसाचा दुष्काळी माणला खरोखर उपयोग होतो काय?
— एक शेतकरी, दहिवडी परिसर

गडगडाटी ढगाचा पसारा बहुधा काही किलोमीटरचाच असतो, त्यामुळे एका गावात झोडपणे आणि शेजारच्या गावात कोरडे राहणे हा वळवाचा स्वभावच आहे. महसूल मंडळात एका ठिकाणी बसवलेल्या स्वयंचलित केंद्रावर अशा पावसाची खरी नोंद होईल याची खात्री देता येत नाही. नुकसानभरपाई आणि दुष्काळाचे निर्णय ज्या आकड्यांवर होतात ते आकडे इतके विरळ असावेत, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. गावाने स्वतःचे साधे पर्जन्यमापक बसवून ग्रामपंचायतीत रोजची नोंद ठेवावी. सरकारी नोंदीची जागा ती घेणार नाही, परंतु पंचनाम्याच्या वेळी बोलायला आधार राहील.

उपयोगाचे म्हणाल तर एका एकरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे दोन लाख लिटर पाणी पडले. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माणला त्याच्या दहाव्या भागाइतकाही मिळत नाही. त्यामुळे माणच्या दृष्टीने हे दोन लाख लिटर मोलाचे आहेत. अडचण एवढीच की वळीव जोराने पडतो आणि उन्हाने टणक झालेली जमीन त्याला लगेच आत घेत नाही. जिथे उताराला आडवी नांगरट झालेली होती, बांध शाबूत होते आणि बंधाऱ्यांतला गाळ आधीच काढलेला होता, तिथे हे पाणी मुरले; बाकी ठिकाणी ते माती घेऊन ओढ्याने गेले. म्हणून गाळ काढण्याची आणि बांधबंदिस्तीची कामे मेअखेरपर्यंत न रेंगाळता एप्रिलच्या आत उरकावीत, एवढा बदल तरी या वर्षाच्या अनुभवावरून करावा.

प्रश्न : मेंढरे घेऊन माळावर असताना वीज कडाडू लागली तर काय करावे? झाडाचा आसरा घ्यावा की नाही यावरून आमच्यात वाद आहेत.
— आटपाडी तालुक्यातील एका मेंढपाळ कुटुंबाच्या वतीने आलेले पत्र

झाडाचा आसरा कदापि घेऊ नये. माळावरचे एकटे झाड हे त्या परिसरातील सर्वांत उंच टोक असते आणि वीज बहुधा उंच टोक शोधते. झाडावर पडलेली वीज बुंध्यातून आणि जमिनीतून जवळच्या माणसा-जनावरांपर्यंत येते. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत मनात आकडे मोजावेत. तीन सेकंदांचे अंतर म्हणजे सुमारे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे आणि तेव्हाच पक्के घर किंवा बंद मोटार गाठली पाहिजे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. आडोसा नसेल तर उंचवट्यावरून सखल जागी यावे, एकमेकांपासून अंतर ठेवावे, पाय जुळवून उकिडवे बसावे आणि डोके गुडघ्यात घ्यावे. आडवे झोपू नये. तारेच्या कुंपणापासून, पाण्यापासून आणि लोखंडी अवजारांपासून दूर राहावे. चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड सुरक्षित नसते.

वीज अंगावर पडलेल्या माणसाला हात लावला तर धक्का बसतो ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळे वाचू शकणारी माणसे दगावतात. त्याच्या शरीरात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर ताबडतोब छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी आणि मदत बोलवावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. माळावर सर्वत्र मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे वाड्यावरच्या कोणी ते पाहून निरोप पोहोचवण्याची सोय करावी.

प्रश्न : आमच्याकडे भाताची धूळवाफ पेरणी मे महिन्याच्या अखेरीस होते. या वर्षी धूळच उरली नाही. आता काय करावे, आणि सोयाबीन लवकर पेरले तर चालेल काय?
— एक शेतकरी, शिराळा तालुका

धूळवाफेसाठी रान कोरडे आणि भुसभुशीत लागते. चिखलात ओढून पेरणी केली तर बी कुजते आणि तणांचा जोर वाढतो. वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी ओसरून पेरणीजोगी ओल राहीपर्यंत थांबावे, आणि तो आलाच नाही तर रोपे टाकून लावणीचा मार्ग धरावा. लावणीला मजुरी जास्त लागते हे मान्य आहे, परंतु दुबार पेरणीपेक्षा ते परवडते. सोयाबीनच्या बाबतीत मेमधील पाऊस पाहून घाई करणे धोक्याचे ठरले असते, हे जूनने दाखवून दिले. मोसमी पाऊस लवकर आला खरा, परंतु मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत त्याची पुढची वाटचाल थांबली. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि जमिनीत खोल ओल गेल्यावरच पेरावे हा कृषी विभागाचा नेहमीचा सल्ला आहे. पाऊस कोणत्या तारखेला आला यापेक्षा वीतभर खाली माती ओली आहे का, हे कुदळीने पाहणे अधिक भरवशाचे आहे.

प्रश्न : हे सारे हवामान बदलामुळे घडते आहे, असे निबंधात लिहिले तर बरोबर ठरेल काय?
— एक विद्यार्थिनी, वाई

एका उन्हाळ्यावरून तसे ठामपणे लिहू नका. वादळी उन्हाळे पूर्वीही येत होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर झालेली गारपीट आपल्या घरातील मोठ्यांना आठवत असेल. परंतु पुढील गोष्टी खात्रीने लिहिता येतील. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे भारतातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले आणि २०२५ चा फेब्रुवारी हा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. हवेचे तापमान एक अंशाने वाढले तर तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्र तापतो आहे आणि उन्हाळ्याच्या अखेरीस त्यात तीव्र वादळे होत आहेत : २०२० च्या जूनमध्ये ‘निसर्ग’ आणि २०२१ च्या मेमध्ये ‘तौक्ते’. यातून निघणारा निष्कर्ष असा, की या वर्षीच्या उन्हाळ्याची प्रत्येक सर हवामान बदलाने पाडली असे म्हणता येत नाही, परंतु अशा उन्हाळ्यांना पोषक परिस्थिती वाढते आहे असे म्हणता येते. निबंधात हे दोन्ही लिहा. गुण कमी मिळाले तरी मजकूर खरा राहील.

प्रश्न : मे महिन्यातच एवढा पाऊस झाला, मग या वर्षी कृष्णेला महापूर येणार, अशी चर्चा आमच्या गल्लीत आहे. सामान हलवावे काय?
— एक गृहिणी, सांगली गावठाण

मेमधील पावसावरून महापुराचे भाकीत करता येत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर जुलैच्या उत्तरार्धात आणि ऑगस्टमध्ये आले, आणि त्यामागे घाटमाथ्यावर काही दिवस सलग झालेली अतिवृष्टी, नदीच्या दोन्ही बाजूंच्या शिवारांतून आलेले पाणी आणि भरत आलेल्या धरणांतून करावा लागलेला विसर्ग ही कारणे होती. मेमधील पावसाने एवढे होते की जमीन आधीच भिजते आणि नंतरच्या पावसाचे पाणी लवकर वाहू लागते. आजच सामान हलवण्याची गरज नाही. कागदपत्रे, औषधे आणि मौल्यवान वस्तू एका पिशवीत तयार ठेवाव्यात, माळ्यावरची जागा मोकळी करून घ्यावी, आणि जुलैपासून कोयना धरणाचा विसर्ग आणि आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी रोज पाहावी. तिथे ४० फूट ही इशारा पातळी आहे आणि ४५ फूट ही धोका पातळी. मागच्या महापुरांत पुलाजवळची पातळी किती फूट असताना आपल्या उंबऱ्याला पाणी लागले होते हे शेजाऱ्यांना विचारून भिंतीवर लिहून ठेवा आणि पुलाजवळची पातळी त्याच्या पाच फूट खाली असतानाच घरातील वृद्धांना आणि लहान मुलांना हलवा.